समाईक जागेचा मालक कोण?
तिरुवल्लिकेणीचा फूटपाथ आणि मॉलचे दालन

चेन्नई शहराच्या तिरुवल्लिकेणी भागातील भारती सालै हा रस्ता जुन्या पिढीला पायक्रॉफ्ट्स रोड या नावाने ठाऊक आहे. या रस्त्याच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या पथाऱ्या गेली कित्येक दशके मांडल्या जात आहेत. रविवारी मोठ्या दुकानांची दारे बंद असताना त्यांची रांग वाढते. अभियांत्रिकी आणि वैद्यकाचे जाडजूड ग्रंथ, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, इंग्रजी कादंबऱ्या, तमिळ मासिकांचे जुने अंक असा सारा माल ताडपत्रीवर किंवा लाकडी फळ्यांवर पसरलेला असतो. ग्राहक कोण? जवळच्या चेपाक भागातील मद्रास विद्यापीठाचे आणि प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी, आणि तिरुवल्लिकेणीतील 'मॅन्शन' नावाच्या जुनाट इमारतींत एकेका खोलीत तिघे-चौघे राहून नोकरीची वाट पाहणारे, तमिळनाडूच्या गावागावांतून आलेले तरुण. नव्या पुस्तकाची किंमत ज्यांच्या महिन्याच्या खानावळीच्या बिलाशी स्पर्धा करते, त्यांचे ग्रंथालय या फूटपाथवर आहे.

याच वस्तीच्या सीमेला लागून, रोयापेट्टा भागात, २०१० साली 'एक्स्प्रेस ॲव्हेन्यू' हा मॉल उभा राहिला. देशातील कोणत्याही मोठ्या शहरातील मॉलप्रमाणे तेथेही मधोमध उंच दालन आहे, रुंद मार्गिका आहेत, सरकते जिने आहेत. आणि कोणत्याही मॉलमध्ये आढळणारे एक दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. मार्गिकेच्या मध्यभागी लहान लहान चौथरे मांडलेले असतात. त्यांवर मोबाइलची आवरणे, अत्तरे, उकडलेल्या मक्याचे दाणे, खोटे दागिने, लहान मुलांची खेळणी यांची विक्री चाललेली असते. सणासुदीला त्यांची संख्या वाढते. मालकी यंत्रणेच्या भाषेत त्यांना 'किऑस्क' म्हणतात.

दोन्ही ठिकाणी क्रिया एकच आहे. माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, थोड्या काळासाठी, थोडीशी जागा अडवून माल विकणे, ही ती क्रिया. फूटपाथवर ती घडली की तिला अतिक्रमण म्हणतात आणि महापालिकेची गाडी येते. मॉलमध्ये ती घडली की तिला महसुलाचे साधन म्हणतात आणि तिच्यासाठी करारपत्र तयार होते. हा फरक कशामुळे पडतो, या प्रश्नाकडे शहराचे नियोजन करणाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांच्या अग्रलेखकारांनी सहसा पाहिलेले नाही. चालणाऱ्याला होणारा अडथळा हे त्याचे कारण असते, तर दोन्हीकडे सारखेच मोजमाप लागू झाले असते. खरे कारण असे की मॉलच्या वाटेवर जमिनीचा मालक भाडे घेतो, आणि फूटपाथवर भाडे घेणारा कायदेशीर मालकच नाही. तेथे हप्ता असतो, पण हप्त्याची पावती मिळत नाही.

दोन प्रकारचे नियम

मॉलमधील तात्पुरत्या विक्री-ठेल्यांचे नियम कोण करतो? मालक स्वतः. करार भाडेपट्ट्याचा नसतो, परवान्याचा असतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातील 'लायसन्स' या कल्पनेचा तो आधुनिक अवतार आहे. परवानाधारकाला जागेवर कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकाची मर्जी असेतोवर तेथे उभे राहण्याची मुभा मात्र मिळते. मुंबईच्या वाचकाला ही युक्ती नवी नाही. भाडेकरूला मिळणारे संरक्षण टाळण्यासाठी घरमालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स' ही पळवाट काढली, तेव्हा विधिमंडळाला मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा द्यावा लागला होता. त्या तारखेनंतर आलेल्यांना मात्र ते छत्र मिळाले नाही. आज मॉलमधील चौथऱ्यावर उभा असलेला लहान धंदेवाला त्याच उघड्या आकाशाखाली आहे.

त्याच्या करारातील अटी पाहाव्यात. किमान रक्कम ठरलेली, आणि विक्री वाढल्यास त्यावर टक्केवारी. वीज, सफाई, थंड हवा यांचा वेगळा आकार. भाड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, ज्याची वजावट नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्याला मिळत नाही. धंद्याची वेळ मालक ठरवणार, ठेल्याची उंची आणि रंग मालक ठरवणार, आणि एखाद्या मोठ्या कंपनीला मोटार मांडून जाहिरात करायची असली तर ठेला कोठे सरकवायचा हेही मालकच ठरवणार. दिवाळी-पोंगलच्या ऐन हंगामात जागा बदलली तर झालेले नुकसान कोणाच्या खाती जमा होते, हे वेगळे सांगायला नको. खेड्यातल्या आठवडी बाजारात वसुलीचा ठेका घेणारा ठेकेदार भुईभाडे उकळतो तेव्हा त्याला निदान ग्रामपंचायतीने ठरवलेला दर पाळावा लागतो. मॉलच्या वातानुकूलित बाजारात तेवढेही बंधन नाही.

रस्त्यावरच्या विक्रेत्यासाठी मात्र नियम संसदेने केले आहेत, आणि ते पुष्कळ संघर्षानंतर झाले आहेत. त्यांचा प्रवास मुंबईतून सुरू होतो. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच आठवड्याच्या अंतराने दोन निकाल दिले. ३ जुलैचा निकाल बॉम्बे हॉकर्स युनियनच्या याचिकेवर होता, आणि १० जुलैचा फूटपाथवर राहणाऱ्यांच्या, ओल्गा टेलिस यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या याचिकेवर. दुसऱ्या निकालाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. पण पहिल्या निकालाने फेरीवाल्याच्या वाट्याला किती जागा ठेवली? एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद. शिवाय प्रार्थनास्थळे, शाळा आणि रुग्णालये यांच्यापासून १०० मीटर, आणि मंडईपासून १५० मीटर दूर.

हे अंतर तिरुवल्लिकेणीच्या नकाशावर मांडून पाहावे. वस्तीच्या पोटात पल्लवकाळापासूनचे पार्थसारथी मंदिर, त्याच्याभोवतीच्या माड रस्त्यांवर फुले, तुळशीच्या माळा, नारळ विकणाऱ्या बायका. पलीकडे १७९५ साली बांधलेली वालाजा मशीद आणि तिच्या आसपासचे खाद्यपदार्थांचे व अत्तरांचे ठेले. जाम बझारची मंडई. मधूनमधून शाळा, दवाखाने. या प्रत्येक बिंदूभोवती १०० आणि १५० मीटरची वर्तुळे काढली, तर सबंध तिरुवल्लिकेणीत पथारी टाकायला समुद्राखेरीज जागा उरत नाही. दादरचा फूलबाजार किंवा पंढरपूरचा प्रदक्षिणामार्ग यांनाही तोच न्याय लागू करून पाहावा. मंदिरापाशी फुले विकायची नाहीत तर कोठे विकायची, हा प्रश्न न्यायालयापुढेही आला, आणि पूजासाहित्य विकणाऱ्यांना पुढे सूट द्यावी लागली. जुन्या पुस्तकांना मात्र अशी सूट नाही. विद्या ही देवता असली तरी तिचे नैवेद्य-साहित्य न्यायालयाच्या यादीत आलेले नाही.

पुढे २००४ आणि २००९ ची राष्ट्रीय धोरणे आली, सप्टेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेरीवाल्यांना संरक्षण दिले, आणि अखेर पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ अस्तित्वात आला. तो १ मे २०१४ रोजी अमलात आला. या तारखेचे तिरुवल्लिकेणीशी असलेले नाते पुढे येईलच.

या कायद्यातील तरतुदी वाचण्यासारख्या आहेत, कारण ज्यांच्यासाठी त्या केल्या त्यांतील बहुसंख्यांपर्यंत त्या पोहोचलेल्याच नाहीत. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे देईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हलवता येत नाही. हलवायचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी करून द्यावी लागते. नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. शहर विक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे बंधन नियोजनावर आहे. आणि ५० वर्षांहून अधिक काळ जेथे विक्रेते धंदा करीत आले आहेत, असे नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही हा कायदा सांगतो.

आणखी एक शब्द या कायद्यात आहे, ज्याच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. पथविक्रेता म्हणजे कोण, हे सांगताना रस्ता, गल्ली, फूटपाथ, सार्वजनिक उद्यान यांच्या जोडीला 'किंवा खासगी क्षेत्र' असे शब्द व्याख्येत घातलेले आहेत. रोजच्या वापराचा माल तात्पुरत्या मांडणीतून विकणारा माणूस खासगी जागेत उभा असला, म्हणून तो या व्याख्येबाहेर पडत नाही. मॉलच्या दालनातला चौथरा ही तात्पुरती मांडणी नव्हे तर दुसरे काय आहे? ३० दिवसांच्या नोटिशीचे तत्त्व रस्त्याला लागू करता येते, तर जेथे मालक धनाढ्य कंपनी आहे तेथेही ते लागू करण्यात कायद्याच्या शब्दांचा अडथळा नाही. अडथळा इच्छाशक्तीचा आहे.

जागा मोकळी कशी झाली

'समाईक जागा' हा शब्द मॉलच्या कागदपत्रांत मोठ्या दिमाखाने वापरला जातो. ती जागा समाईक कोणामध्ये, हे विचारले पाहिजे. जेथे गाळे मालकीने विकले गेले आहेत, तेथे मार्गिका आणि दालने ही गाळेधारकांच्या अविभक्त हिश्शाची असायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची जागा विकासकाला वेगळी विकता येणार नाही, ती समाईक सुविधाच आहे, असा निर्वाळा दिला. राहत्या घरांच्या बाबतीत मान्य झालेले हे तत्त्व व्यापारी संकुलांच्या बाबतीत कोणी उच्चारत नाही. परिणामी गाळेधारकाने देखभालीचा आकार भरायचा, त्याच मार्गिकेत त्याच्याच दाराशी ठेला उभा राहायचा, आणि त्या ठेल्याचे भाडे मात्र व्यवस्थापनाच्या खिशात जायचे, असा न्याय चालू राहतो. लहान गाळेवाला आणि लहान ठेलेवाला हे एकमेकांशी भांडतात, आणि दोघांकडूनही वसूल करणारा वरच्या मजल्यावर बसलेला असतो.

याहून जुनी गोष्ट जमिनीची. मुंबईच्या गिरणगावात आज जेथे मॉल आणि काचेचे मनोरे दिसतात, तेथे गिरण्यांचे भोंगे होत असत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकाला. २००१ साली हा नियम असा वळवण्यात आला की वाटणी फक्त रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, बांधकामाखालची सारी जमीन मालकाकडे गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बदलावर शिक्कामोर्तब केले. जी जागा शहराची समाईक मैदाने व्हायची, तिचे रूपांतर मॉलच्या 'समाईक दालनां'त झाले, आणि आता तेथे चौरस फुटाच्या दराने ठेले भाड्याने मिळतात.

त्या गिरण्यांतून बाहेर फेकले गेलेले कामगार कोठे गेले? समाजशास्त्रज्ञ शरित भौमिक यांनी फेरीवाल्यांच्या केलेल्या पाहण्यांतून दिसले की मुंबई आणि अहमदाबाद येथील फेरीवाल्यांत पूर्वी संघटित उद्योगात काम केलेल्यांचा हिस्सा लक्षणीय आहे. मद्रासचा अनुभव वेगळा नाही. पेरांबूरच्या ज्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीत १९१८ च्या मद्रास लेबर युनियनची मुळे रुजली, ती गिरणी १९९६ मध्ये बंद पडली. कारखान्याने ज्यांना नाकारले त्यांनी फूटपाथ धरला, आणि फूटपाथवर आल्याबद्दल शहर त्यांना गुन्हेगार ठरवते. बेकारीची जबाबदारी ज्यांची, तेच अतिक्रमणाची तक्रार करतात.

मद्रासने काय केले

फूटपाथवरून विक्रेत्यांना उचलून छपराखाली नेणे हा शासनकर्त्यांचा आवडता तोडगा आहे. चेन्नईत तो अनेकदा करून पाहिला गेला. १९०० साली सेंट्रल स्टेशनाशेजारी सुरू झालेले मूर मार्केट हे जुन्या पुस्तकांचे, ग्रामोफोन तबकड्यांचे, पाळीव पक्ष्यांचे, हरतऱ्हेच्या वापरलेल्या वस्तूंचे माहेरघर होते. ३० मे १९८५ च्या आगीत ते जळाले. त्या जागी उपनगरी रेल्वेची इमारत उभी राहिली, आणि दुकानदारांना मागच्या अल्लिकुळम संकुलात जावे लागले. मूर मार्केटची जी गर्दी होती ती त्या संकुलाला लाभली नाही. ब्रह्मदेशातून परतलेल्या निर्वासितांसाठी १९६९ मध्ये वसवलेला बर्मा बझार मात्र रस्त्याच्या कडेलाच राहिला, म्हणून जगला. टी. नगरमधील पाँडी बझारच्या फेरीवाल्यांना २०१३ साली महापालिकेच्या बहुमजली संकुलात हलवण्यात आले. ज्या रस्त्यावरून त्यांना काढले त्याच रस्त्याचा २०१९ च्या नोव्हेंबरात 'स्मार्ट सिटी' योजनेखाली प्रशस्त पादचारी मार्ग झाला. वरच्या मजल्यांवर गिऱ्हाईक चढत नाही, ही तक्रार त्या संकुलातील विक्रेते करीत राहिले. पथारीचा धंदा वाटेवर चालतो. जिन्यावर तो चालत नाही. हे समजायला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही, पण पदवीधारकांना ते समजलेले दिसत नाही.

तिरुवल्लिकेणीच्या पूर्वेला मरीनाचा किनारा आहे. १९८५ च्या अखेरीस सौंदर्यीकरणाच्या नावाखाली या किनाऱ्यावरून कोळ्यांच्या होड्या हटवण्याचा प्रयत्न झाला, आणि पोलिसांच्या गोळीबारात कोळी मारले गेले. चार दशकांनंतर बंदुकीची जागा सोडतीने घेतली आहे, एवढी प्रगती मान्य करायला हवी. २०१९ ते २०२१ या काळात मद्रास उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली मरीनावरील विक्रेत्यांची संख्या ९०० ठरवण्यात आली. ६० टक्के जागा पूर्वीपासून धंदा करणाऱ्यांना, ४० टक्के नव्यांना. जानेवारी २०२१ मध्ये निवृत्त न्यायमूर्तींच्या उपस्थितीत चिठ्ठ्या काढण्यात आल्या. गाड्यांचा आकार एकसारखा, रचना ठरवलेली. ज्या कुटुंबाच्या दोन पिढ्या वाळूवर सुंडल आणि भजी विकण्यात गेल्या, त्याचे पोट चिठ्ठीवर अवलंबून राहिले. २०१४ च्या कायद्यात निवडून आलेली समिती आहे, सर्वेक्षण आहे, तक्रार-निवारण आहे. न्यायालयाच्या दालनातून सोडतीचे चक्र फिरवावे लागते, याचा अर्थ महापालिकेने ते यंत्र उभेच केले नाही.

दक्षिणेकडील नोचिकुप्पमच्या मासळी विकणाऱ्या बायकांचेही तसेच. २०२३ च्या एप्रिलमध्ये लूप रोडवरील मासळीची दुकाने हटवण्याबद्दल उच्च न्यायालयाने स्वतःहून पाऊल उचलले. कोळ्यांचे म्हणणे असे होते की रस्ता नंतर आला, त्याआधी ती जाळी वाळवण्याची आणि मासळी विकण्याची गावाची समाईक जागा होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे ३६६ ओट्यांची नवी मासळी बाजारपेठ सुरू झाली. ओटा, पाणी, सांडपाण्याची सोय हे स्वागतार्हच आहे. पण 'अतिक्रमण कोणी कोणावर केले' या मूळ प्रश्नाचे उत्तर त्या ओट्यांखाली गाडले गेले.

याच वाळूवर १ मे १९२३ रोजी सिंगारवेलू चेट्टियार यांनी भारतातला पहिला मे दिन साजरा केला. एक सभा उच्च न्यायालयासमोरच्या किनाऱ्यावर, दुसरी तिरुवल्लिकेणीच्या किनाऱ्यावर. सिंगारवेलू स्वतः किनाऱ्यावरच्या कोळी समाजातून आलेले वकील होते. सभेसाठी त्यांना कोणाकडे जागा भाड्याने मागावी लागली नाही. किनारा सर्वांचा होता. एक्क्याण्णव वर्षांनी त्याच तारखेला पथविक्रेत्यांचा कायदा अमलात आला. हा योगायोग असेल. पण ज्यांनी तो कायदा गुंडाळून ठेवला आहे त्यांना या तारखेची आठवण करून देणे गैर नाही.

चौथऱ्यामागे उभी असलेली मुलगी

आतापर्यंत धंदेवाल्याचा विचार झाला. मॉलमधील चौथऱ्यावर प्रत्यक्ष उभे असणारे हात बहुधा पगारी असतात, आणि त्यांत तरुण मुलींची संख्या मोठी आहे. सकाळी मॉल उघडण्याआधीपासून रात्री दिवे मालवेपर्यंत उभे राहायचे, बसायला जागा नाही, कारण चौथऱ्याच्या मांडणीत खुर्चीसाठी जागा ठेवलेलीच नाही. केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांतील स्त्रियांनी या प्रश्नावर लढा दिला, आणि २०१८ मध्ये तेथील डाव्या आघाडीच्या सरकारने दुकान कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही आपल्या १९४७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तशी तरतूद केली. कायदा झाला म्हणून स्टूल आपोआप येत नाही, हे खरे. पण मागायला आधार मिळाला.

महाराष्ट्रात काय स्थिती आहे? २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना मुख्य तरतुदींमधून वगळल्या. मॉलमधील ठेल्यावर दहा कामगार कोठून असणार? दोन असतात, क्वचित तीन. एकाच छपराखाली, एकाच व्यवस्थापनाच्या शिट्टीवर शेकडो माणसे काम करतात, पण कायद्याच्या नजरेत ती शेकडो आस्थापनांत दोन-दोन अशी विखुरलेली असतात. संघटित उद्योगाचे तुकडे पाडून कामगाराला कायद्याबाहेर काढण्याची जी रीत यंत्रमागांनी भिवंडी-इचलकरंजीत वापरली, तीच येथे अत्तराच्या सुगंधात वापरली जाते. मॉलचे व्यवस्थापन वेळ ठरवते, गणवेश ठरवते, सुट्टी ठरवते. तेव्हा हजेरी, बैठक, स्वच्छतागृह आणि रात्री घरी जाण्याची सोय यांचीही जबाबदारी त्याच्यावर टाकली पाहिजे.

आग हा आणखी एक प्रश्न. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईच्या कमला मिल्स आवारात लागलेल्या आगीत १४ माणसे मेली. गच्चीवरचे तात्पुरते छत आणि अडलेल्या वाटा यांची चर्चा तेव्हा झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याचा सिटी सेंटर मॉल दोन दिवसांहून अधिक काळ जळत राहिला. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या खेळघरात २७ जणांचा बळी गेला. प्रत्येक वेळी चौकशी होते, प्रत्येक वेळी असे उघड होते की पळायची वाट दुसऱ्याच कामासाठी वापरली जात होती. मार्गिकेतील प्रत्येक ठेला ही पळवाटेतून कापून घेतलेली जागा असते. तिचे मोजमाप अग्निशमन दलाच्या नकाशावर झाल्याखेरीज एकही परवाना देता कामा नये, आणि मोजमापाचा तो नकाशा मॉलच्या दारात लावला गेला पाहिजे. हा नियम भारती सालैच्या फूटपाथलाही तितकाच लागू आहे. अंध माणसाला, चाकाच्या खुर्चीतून जाणाऱ्याला, कडेवर मूल घेतलेल्या बाईला चालता आले पाहिजे. फेरीवाल्यांच्या चळवळीने हे मान्य केले नाही तर ती एकटी पडेल. सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन पुलावरील २३ मृत्यूंनंतर मुंबईत नेमके तेच झाले. पूल अरुंद ठेवणारी रेल्वे बाजूला राहिली आणि सारा रोष पुलाखालच्या भाजीवालीवर वळवण्यात आला.

फेरीवाला म्हणजे एकजिनसी वर्ग नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. दहा गाड्या दुसऱ्यांच्या नावाने लावून पोरांना रोजंदारीवर राबवणारे आहेत, परवाने भाड्याने देणारे आहेत, नगरसेवकाचे नातलग आहेत. मॉलमध्येही लहान ठेल्यांच्या नावाखाली एकाच कंपनीची साखळी असते. त्यामुळे 'सर्वांना परवाने द्या' या मागणीने काम भागत नाही. परवाना स्वतः धंदा करणाऱ्यालाच मिळाला पाहिजे, आणि ते तपासायची जबाबदारी निवडून आलेल्या समितीने घेतली पाहिजे. मुंबईत ऑगस्ट २०२४ मध्ये अशा समितीसाठी सुमारे ३२ हजार विक्रेत्यांच्या यादीवर निवडणूक झाली. एवढ्या मोठ्या शहरात फेरीवाले फक्त ३२ हजार, यावर कोणाचा विश्वास बसेल? २०१४ च्या पाहणीत सुमारे एक लाख अर्ज आले होते. यादीबाहेर राहिलेल्यांना समितीत मत नाही, आणि मत नसल्यामुळे ते यादीत येण्याची शक्यता नाही.

सहकाराचा विसरलेला रस्ता

तिरुवल्लिकेणीने या बाबतीत देशाला एकदा वाट दाखवली आहे. १९०४ साली येथे तिरुवल्लिकेणी नागरी सहकारी संस्था स्थापन झाली. इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांनी घालून दिलेल्या नमुन्यावर ग्राहकांनी स्वतःचे दुकान काढले. मुंबईच्या गिरणगावात नायगावला १९४८ मध्ये 'अपना बाजार'ची सुरुवात झाली तीही अशाच प्रेरणेने. मग मॉलच्या समाईक दालनातील ठेल्यांपैकी ठरावीक हिस्सा सहकारी संस्था, विणकर संस्था आणि स्त्रियांचे बचतगट यांच्यासाठी राखून, नगरपालिकेने ठरवलेल्या भुईभाड्याने देण्याची अट बांधकाम परवानगीतच का घालू नये? तमिळनाडूत बचतगटांच्या उत्पादनांसाठी नुंगम्बाक्कमला स्वतंत्र महिला संकुल उभारले गेले. ते चांगले आहे, पण गिऱ्हाईक जेथे आधीच गोळा झालेले आहे तेथे बचतगटाला शिरकाव नाही आणि जेथे गिऱ्हाईक नाही तेथे त्याला इमारत दिली जाते, ही रीत बदलली पाहिजे. दहा हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर बांधताना दहा टक्के जमीन मोकळ्या जागेसाठी देण्याची अट तमिळनाडूच्या नियमांत आहेच. इमारतीबाहेर जे लागू होते त्याचा एक अंश इमारतीच्या आतही लागू व्हावा.

मोठ्या मालकांच्या संघटना यावर खासगी मालमत्तेच्या पावित्र्याचा धावा करतील. पण ज्या मालमत्तेला रस्ता, पाणी, वीज, मेट्रोचे स्थानक आणि वाढीव चटई क्षेत्र सार्वजनिक पैशातून व सार्वजनिक निर्णयातून मिळते, तिच्या दालनात लोकांना काही हक्क असू नये, हा दावा सकृद्दर्शनीच टिकत नाही.

तातडीचे काम मात्र साधे आहे. भारती सालैचा जुन्या पुस्तकांचा बाजार ५० वर्षांच्या कसोटीला उतरतो, हे दाखवायला वृद्ध विक्रेत्यांची, महाविद्यालयांतील प्राध्यापकांची आणि जुन्या ग्राहकांची लेखी निवेदने पुरेशी आहेत. ती गोळा करून विक्रेत्यांनी शहर समितीपुढे वारसा बाजाराचा अर्ज करावा, आणि त्या अर्जासोबत फूटपाथवर पादचाऱ्यासाठी किती रुंदी मोकळी सोडणार हे स्वतः फूत-टेपने मोजून लिहून द्यावे. महापालिकेने मोजण्याआधी त्यांनी मोजलेले बरे. रोयापेट्ट्यापासून लोअर परळपर्यंतच्या मॉलमधील ठेलेवाल्यांनी आपल्या करारांच्या प्रती एकत्र आणाव्यात. एकाच्या करारात १५ दिवसांची नोटीस आणि शेजाऱ्याच्या करारात सात दिवसांची, हे कळण्यासाठीसुद्धा आधी एकमेकांचे कागद पाहावे लागतील. आणि महाराष्ट्रात दुकान कायद्यातील कामगारसंख्येची मर्यादा हा विषय कामगार संघटनांनी विधानसभेच्या येत्या अधिवेशनात लावून धरावा, त्यात मॉलच्या व्यवस्थापनाला मुख्य मालक मानण्याची दुरुस्ती मांडावी.